ग्राउंड स्कूलच्या आधीचे सहा आठवडे: एटीआरवर रुजू होणाऱ्या नव्या पायलटसाठी

जॉइनिंगचं पत्र आलं की कोकणातल्या घरात आधी देवापुढे नारळ ठेवला जातो, मग मुंबईच्या मामाला फोन जातो, आणि त्याच रात्री मुलगा इंटरनेटवरून विमानाचं जाडजूड मॅन्युअल उतरवून पान एकपासून वाचायला बसतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बरोबर आहेत.

तिसरी चूक मीही केली होती. ग्राउंड स्कूलच्या, म्हणजे विमानाच्या वर्गातल्या शिक्षणाच्या, पहिल्या आठवड्यात इंधन प्रणालीची आकृती मी न बघता फळ्यावर काढली, आणि त्याच आठवड्यात लिमिटेशन्सच्या (विमानाच्या वजन-वेग-उंचीच्या मर्यादांच्या) साध्या लेखी चाचणीत नापास झालो. आता मालवण-कुडाळकडच्या मुलांचे फोन येतात, ‘दादा, काय वाचू?’ खरं तर त्यांनी ‘कुठल्या क्रमाने?’ हे विचारायला हवं. वर्गात दिवसाला दोन-तीन सिस्टिम उरकतात. त्या वेगात समजून घेता येतं, पाठ करायला मात्र वेळच उरत नाही. म्हणून पाठ करायचं ते घरूनच पाठ करून जायचं.

खालची उदाहरणं एटीआर ७२-६०० या दोन प्रोपेलरच्या प्रवासी विमानाची आहेत, कारण आपल्या भागातल्या छोट्या मार्गांवर तुम्ही बहुधा त्याच विमानात बसणार. (चिपीच्या पठारावर, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावर, ९ ऑक्टोबर २०२१ला पहिली प्रवासी फेरी आली तीही एटीआरचीच.) कंपनीच्या पुस्तकात एखादा आकडा वेगळा असेल तर तो खरा, माझा नाही.

## टप्पा १: कागद (पहिले दोन-तीन दिवस)

अभ्यासाला हात लावण्याआधी एक फाईल करा. सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन), क्लास वन मेडिकल, आरटीआर आणि एफआरटीओएल (रेडिओवर बोलण्याचे परवाने), इंग्रजी प्रावीण्याची नोंद, पासपोर्ट, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, लॉगबुक. मूळ प्रती एका कप्प्यात, झेरॉक्स दुसऱ्या, आणि सगळ्याचं स्कॅन फोनमध्ये.

सगळ्यात जास्त अडकतं ते नाव. पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव असतं, आधारवर नसतं. नाईक हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि तुमच्या कागदांवर त्यातल्या दोन तऱ्हा हमखास सापडतात. विमानतळाच्या प्रवेश पासाच्या वेळी हे एक अक्षर आठवडे खातं. पोलीस पडताळणीचंही तसंच. कायमचा पत्ता गावचा आणि राहता पत्ता डोंबिवलीचा असेल तर कुठला पत्ता द्यायचा ते कंपनीला विचारून आधीच ठरवा, नाहीतर कागद दोन ठाण्यांमध्ये फिरत राहतो.

मेडिकलची तारीख बघा. चाळिशीच्या आत ते एक वर्ष चालतं. ग्राउंड स्कूल, मग सिम (सिम्युलेटर), मग लाइन ट्रेनिंग (प्रवासी फेऱ्यांवरचं शिक्षण) हे सगळं धरलं तर मुदतीचे निदान सहा महिने हातात असावेत. लॉगबुकच्या प्रत्येक पानाची बेरीज पेन्सिलने पुन्हा करा आणि ईजीसीएवरच्या (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या) नोंदीशी जुळवा.

तपासा: पासपोर्ट, आधार, लायसन आणि बारावीचं प्रमाणपत्र टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का? नसेल तर आजच दुरुस्तीचा अर्ज करा.

## टप्पा २: गंज काढणं (पहिला आठवडा)

सीपीएल हातात आल्यापासून नोकरी लागेपर्यंत अनेकांची वर्ष-दोन वर्षं जातात. तेवढ्यात हवामान आणि डोक्यातले हिशेब बोथट होतात. इथे पुस्तकं परत वाचू नका, रोज हात चालवा.

सकाळी उठल्यावर गोव्याच्या दाबोळीचा आणि मुंबईचा मेटार (विमानतळाचा सांकेतिक हवामान अहवाल) मोठ्याने, पूर्ण वाक्यात वाचा: ‘वारा २३० अंशांवरून २० नॉट, दृश्यता २,००० मीटर, पाऊस, १,००० फुटांवर ब्रोकन ढग, क्यूएनएच १००२.’ (ब्रोकन म्हणजे आकाशाचा बराचसा भाग झाकणारे, क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीला धरून हवेचा दाब.) मग त्यातून लगेच दोन प्रश्न काढा.

पहिला, मुंबईच्या धावपट्टी २७वर आडवा वारा किती? धावपट्टी २७ म्हणजे २७० अंश, वारा २३०चा, कोन ४० अंशांचा. घड्याळाची युक्ती वापरा: १५ अंशांना पाव, ३०ला अर्धा, ४५ला पाऊण, ६०च्या पुढे पूर्ण. चाळीसला दोन तृतीयांश, म्हणजे साधारण १३ नॉट.

दुसरा, क्यूएनएच १००२ असताना अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) चुकून १०१३वर राहिला तर? फरक ११ हेक्टापास्कल, प्रत्येकी सुमारे ३० फूट. यंत्र दाखवतं त्यापेक्षा तुम्ही ३३० फूट खाली आहात. आषाढात, ढगात, डोंगराच्या बाजूने येताना हा आकडा नुसता गणितातला राहत नाही.

उतरण्याचे हिशेबही कॅल्क्युलेटरशिवाय. १५,००० फुटांवरून २,०००वर यायचं तर १३ हजार फूट, दर हजाराला ३ मैल, म्हणजे ३९ नॉटिकल मैल आधी सुरुवात. ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग) १२० नॉट असेल तर तीन अंशांच्या उतारासाठी गुणिले ५, मिनिटाला ६०० फूट. हे पाढे पाठ असलेल्या माणसाला सोपं आहे. पण शेजारी कोणी बोलत असताना करून बघा.

सावध: सगळ्या वेळा यूटीसीमध्ये असतात. १२०० ते २१०० असं लिहिलं असेल तर आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच ते मध्यरात्रीनंतर अडीच. तारीख बदलते, आणि चूक नेमकी तिथेच होते.

आठवडा संपला की हे थांबवा. रोजचा मेटार तेवढा चालू ठेवा. काही जण गंज काढण्यातच महिना घालवतात, कारण ओळखीचा अभ्यास सुखाचा असतो.

## टप्पा ३: तोंडपाठ (दुसरा आणि तिसरा आठवडा)

दोनच गोष्टी शब्दशः पाठ हव्यात: लिमिटेशन्स आणि मेमरी आयटम (आणीबाणीत पुस्तक न उघडता करायच्या कृती). बाकी सगळं समजून आलं तरी चालतं.

पाठ करण्याची आपली सवय मात्र इथे घात करते. आरती आपल्या सगळ्यांना पाठ असते, पण कोणी तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीपासून म्हणायला सांगितलं तर आपण मनात पहिल्यापासून सुरू करतो. मी आकडे असेच पाठ केले होते, यादीच्या क्रमाने. चाचणीत मधलाच आकडा विचारला आणि मी मनात यादी म्हणत तिथवर पोचेपर्यंत वेळ संपला.

म्हणून कार्डं करा. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, एका कार्डावर एकच आकडा. कमाल टेकऑफ वजन? २३,००० किलो. कमाल लँडिंग वजन? २२,३५० किलो. व्हीएमओ, म्हणजे कमाल वेग? २५० नॉट. कमाल उंची? २५,००० फूट. पत्त्यासारखी पिसा आणि कोणालातरी विचारायला बसवा. माझी बहीण तेव्हा दहावीला होती. विमानातलं तिला काही कळत नव्हतं, म्हणूनच तिच्यासारखा परीक्षक मला पुढे भेटला नाही. ‘जवळपास बरोबर’ हा प्रकार तिच्या हिशेबी नव्हताच. २२,३००ला ती सरळ ‘चूक’ म्हणायची आणि कार्ड पुन्हा गठ्ठ्यात.

मेमरी आयटमचे शब्द बदलू नका. अर्थ तोच असला तरी नाही. उद्या शेजारी बसणारा कॅप्टन तेच शब्द ऐकायची वाट बघत असतो. वेगळा शब्द कानावर आला की तो क्षणभर थबकतो, आणि तो क्षण आग लागलेल्या इंजिनाचा असू शकतो.

सावध: इंटरनेटवर मिळणारी मॅन्युअलं बहुतेकदा ७२-५००ची किंवा परदेशातल्या कंपनीची असतात. ५००मध्ये गोल घड्याळं, ६००मध्ये पाच स्क्रीन. आकडे आणि क्रम दोन्ही बदलतात. कंपनीने पुस्तक दिलेलं नसेल तर प्रशिक्षण विभागाला नम्रपणे मेल करून मागा. तोवर टप्पा दोन लांबवा, पण परक्याचं पाठ करू नका. चुकीचं पाठांतर पुसायला नवं पाठ करण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

तपासा: विळीवर नारळ खवताना कोणी कुठलंही कार्ड विचारलं आणि हात न थांबता उत्तर आलं, तर ते कार्ड पाठ झालं.

## टप्पा ४: भिंतीवरचं कॉकपिट (तिसरा ते पाचवा आठवडा)

एवढा एकच टप्पा करायला वेळ मिळाला तरी तो हाच करा.

कंपनीकडून कॉकपिटचं चित्र मिळालं की खऱ्या मापात छापून घ्या. कागदावर नको. जून-जुलैत आपल्या घरातल्या भिंतींना घाम येतो, टेप सुटते आणि चौथ्या दिवशी पॅनलची सुरळी होते. फ्लेक्स करा, आणि चकचकीत नको, मॅट, नाहीतर दिव्याची तिरीप पडून अक्षरं दिसत नाहीत. कुडाळच्या फ्लेक्सवाल्याने माझी फाईल उघडून पाच मिनिटं बघितली आणि विचारलं, ‘भाऊ, वाढदिवस नेमको कोणाचो?’

मांडणी अशी: समोरचं पॅनल भिंतीवर, बसल्यावर डोळ्यांच्या थोडं खाली. वरचं पॅनल डोक्यावर, वाशाला सुतळीने बांधून. ते सोयीसाठी समोरच लावू नका, कारण हाताला एकदा चुकीची जागा लागली की सिममध्ये तो हवेत चाचपडतो. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये स्टुलावर पेडेस्टल, म्हणजे लिव्हरांचा मधला कट्टा. तुम्ही उजवीकडच्या खुर्चीत. फर्स्ट ऑफिसरचा डावा हात लिव्हरवर आणि उजवा कंट्रोल व्हीलवर असतो. ट्रेनिंगची शेकडो उड्डाणं तुम्ही डाव्या सीटवरून केलीत, त्यामुळे हात उलटे व्हायला वेळ लागतो. तो वेळ घरी घालवा, सिममध्ये तासाचे पैसे पडतात.

मग या क्रमाने:

१. आधी नुसती ओळख. बोट फिरवत प्रत्येक पॅनलचं नाव मोठ्याने. दोन दिवस.

२. फ्लो (स्विच लावत जायचा ठरलेला क्रम), न बोलता. हात कुठून कुठे जातो तेवढंच. फ्लोला एक वाट असते, वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे. ती हाताला लागू द्या.

३. तोच फ्लो, प्रत्येक स्विचचं नाव आणि स्थिती म्हणत.

४. चेकलिस्ट. फ्लो संपल्यावरच. चेकलिस्ट वाचत-वाचत स्विच लावणं ही नवख्यांची ठरलेली चूक. फ्लोमध्ये काम करायचं आणि चेकलिस्टने ते झालं का ते बघायचं.

५. कॉलआउट (ठरलेल्या क्षणी मोठ्याने म्हणायचे शब्द), जोडीदारासह. कोणीही चालेल, त्याच्या हातात एक कागद द्या. ‘सेव्हंटी नॉट्स’, ‘व्ही वन’, ‘रोटेट’, ‘पॉझिटिव्ह रेट’, ‘गिअर अप’. कोणाचं वाक्य कधी येतं हे कानाला कळायला हवं.

६. शेवटी व्यत्यय. फ्लो अर्ध्यावर असताना जोडीदाराने काहीतरी विचारायचं. उत्तर देऊन कुठून सुरू करता? आठवत नसेल तर पहिल्यापासून. अंदाजाने मधून कधीच नाही.

दिवसातून दोन वेळा पाऊण-पाऊण तास पुरे. पहिल्या आठवड्यात घरच्यांच्या नजरा सहन कराव्या लागतात. आमची आजी पडवीतून म्हणायची, ‘कोणाशी बोलतंस रे झिला, भिंतीशी?’ पंधरा दिवसांनी मी ‘पॉझिटिव्ह रेट’ म्हटलं आणि पुढचं वाक्य विसरलो, तेव्हा ‘गियराप’ पडवीतूनच आलं.

आता लिव्हरबद्दल. एटीआरच्या पेडेस्टलवर पॉवर लिव्हर (इंजिनाच्या जोराचा), कंडिशन लिव्हर (प्रोपेलर आणि इंधनाचा) आणि फ्लॅपचा (पंखांमागच्या झडपांचा) लिव्हर शेजारी-शेजारी असतात. १५ जानेवारी २०२३ला नेपाळमध्ये पोखऱ्याला एटीआर ७२-५०० उतरत असताना फ्लॅपऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरकडे (पाती वाऱ्याला समांतर होऊन जोर देत नाहीत त्या स्थितीकडे) ओढले गेले. प्रोपेलरचा जोर गेला, विमानातले सगळे ७२ जण गेले. त्याआधी ४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईत ७२-६००चं उजवं प्रोपेलर आपोआप फेदर झालं आणि वैमानिकाने चालू असलेलं डावं इंजिन बंद केलं. त्यात ४३ जणांचा मृत्यू झाला. दोन्हीकडे अनुभवी माणसं होती.

म्हणून भिंतीवरसुद्धा, फ्लेक्सवरसुद्धा: बघा, बोट ठेवा, नाव घ्या, समोरच्याचा ‘कन्फर्म’ ऐका, मगच हलवा. घाईने बोट गेलं तर तो सराव मोजू नका. इंजिन बंद करण्याच्या सरावात जोडीदाराने अधूनमधून मुद्दाम ‘नो’ म्हणावं. तुमचा हात थांबतो का ते बघा. माझा पहिल्या तीन वेळा थांबला नव्हता.

सावध: घरच्या कॉम्प्युटरवर जॉयस्टिकने चिपीला लँडिंग करत बसण्याने मन रमतं, पण त्याचा या टप्प्यात काही उपयोग नाही.

तपासा: डोळे मिटून खुर्चीत बसा. जोडीदाराने स्विचचं नाव घेतलं की बोट तिकडे नेऊन डोळे उघडा. वीतभर चुकलं तर अजून एक आठवडा.

## टप्पा ५: सिस्टिम (चौथ्या आठवड्यापासून, टप्पा ४च्या जोडीने)

आता ते मॅन्युअल उघडा. पण कादंबरीसारखं नको. प्रत्येक सिस्टिमला एकच प्रश्न विचारत चला: हे गेलं तर अजून काय काय जातं?

सुरुवात विजेपासून, कारण बाकी सगळं तिला टांगलेलं आहे. कोकणातल्या माणसाला हे समजावायची गरजच नाही. पावसात लाईट गेली की तुम्हाला नेमकं माहीत असतं, माजघरातला पंखा इन्व्हर्टरवर आहे, विहिरीचा पंप नाही, फ्रीज नाही. ‘बस’ म्हणजे तेच, कुठली लाईन कुठल्या बोर्डावर. घराचा नकाशा डोक्यात आहे तसा विमानाचा करा.

एक उदाहरण घेऊन बघा. एटीआरला शेपटीत वेगळं एपीयू (जमिनीवर वीज देणारं छोटं इंजिन) नसतं. जमिनीवर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचं प्रोपेलर ब्रेकने थांबवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. इंजिन फिरतंय म्हणजे स्टार्टर-जनरेटरची डीसी वीज आहे. पण एसी वाइल्ड (बदलत्या वारंवारतेची एसी वीज देणारे) जनरेटर फिरतात प्रोपेलरच्या गिअरबॉक्सवर, आणि प्रोपेलर तर थांबलंय. मुख्य हायड्रॉलिक पंप त्याच एसी वाइल्डवर चालतात, म्हणजे तेही बंद. मग प्रोपेलर ब्रेकला लागणारा दाब येतो कुठून? हायड्रॉलिकच्या दोन बाजूंपैकी निळ्या बाजूच्या, डीसीवर चालणाऱ्या सहायक पंपातून. वीज, हायड्रॉलिक आणि इंजिन असे तीन धडे एका प्रश्नात जोडले गेले. अशा दहा साखळ्या स्वतः कागदावर काढल्यात तर वर्गातल्या अर्ध्या स्लाइड ओळखीच्या वाटतील.

दुसरं, बर्फ. आपल्याकडची मुलं हा धडा हसत सोडून देतात. खाली ३० अंश आहेत आणि दर हजार फुटाला २ अंश धरले, तर साधारण साडेअकरा हजार फुटांवर ७ अंश येतात. एटीआरवर हवेत ७ अंश किंवा त्याहून कमी आणि सोबत दिसणारा ओलावा असेल तर आयसिंगच्या अटी लागू होतात, आणि पावसाळ्यात सह्याद्रीवरून जाताना ओलाव्याला काय तोटा. वेगाच्या मर्यादा बदलतात, पंखांच्या कडेची, फुगून बर्फ फोडणारी रबरी बूट चालू करायची वेळ ठरलेली असते. हा धडा दोनदा करा.

वातानुकूलन, प्रेशरायझेशन, इंधन यांचं वर्गात व्यवस्थित होतं. आधी एकदा नजर टाकली तरी भागतं.

## टप्पा ६: निघणं

वर्ग कोकणात भरत नाहीत, घाट ओलांडावाच लागतो. दोन दिवस आधी पोचा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळू चालते, दरड आली तर तीही नाही. सगळी पुस्तकं फोनमध्ये उतरवून घ्या, गावच्या रेंजवर किंवा हॉस्टेलच्या वायफायवर विसंबू नका.

बॅगेत आजी जे भरते ते तपासा. लाडू, कोकमं, आंबापोळी ठीक. आसवं आणि अरिष्टं काढून ठेवा, त्यांत मद्यार्क असतो. उड्डाणाआधीच्या ब्रेथ-अॅनालायझर चाचणीत आपल्याकडे मर्यादा शून्य आहे आणि मद्यार्क असलेला माउथवॉशही चालत नाही. ही सवय आतापासूनच लावा.

आणि तारीख गणपतीत आली तर? मी विचारून बघितलं होतं. विचारू नका.

## टप्पा ७: वर्गातला पहिला आठवडा

रोज सकाळी वर्गाआधी कोरा कागद घ्या आणि दहा मिनिटांत सगळी लिमिटेशन्स लिहून काढा. जे सुटलं त्याला गोल करा, दुपारच्या जेवणात तेवढंच बघा.

जोडीदार पहिल्या दिवशीच शोधा, शक्यतो सिमलाही जो बरोबर असेल तोच. संध्याकाळी एक तास फ्लो, मग सिस्टिम, साडेदहाला झोप. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या घोळक्यात बसू नका. तिथे अभ्यासापेक्षा परीक्षेच्या अफवाच जास्त फिरतात.

वर्गात कळलं नाही तर त्याच क्षणी विचारा. गावच्या शाळेतून आल्यामुळे इंग्रजीत प्रश्न विचारायला आपली जीभ जड होते, हे मला माहीत आहे. प्रश्न आधी वहीत लिहा आणि वाचून विचारा. शिकवणाऱ्या कॅप्टनना उच्चारांशी घेणं नसतं.

चाचणीत आपटलात तर त्याच दिवशी प्रशिक्षकाकडे जा आणि नेमकं काय चुकलं ते कागदावर मागा. नियमांप्रमाणे दुसरी संधी कधी आणि किती वेळा मिळते, हे पहिल्याच दिवशी वाचून ठेवलेलं असावं. मी नापास झालो त्या संध्याकाळी बहिणीला फोन केला, कार्डांची चित्रं तिच्या फोनवर पाठवली आणि ती रात्री साडेनऊपर्यंत उलटसुलट विचारत राहिली. मध्ये दोनदा गावची रेंज गेली. तिसऱ्यांदा लागली तेव्हा तिने ‘कुठे होतो आपण’ असं विचारलंच नाही, सरळ पुढचं कार्ड विचारलं.